फेरे मोजले होतेस का?

२०२४ची दिवाळी. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री अकराच्या सुमाराला मी आण्णांच्या मोबाईलवर तीन इंग्रजी अक्षरं टाइप केली. वाय, ई, एस.

ज्यांनी जुन्या फोनवर कधी कस्टम रॉम टाकलाय त्यांना ही अक्षरं ओळखीची असतील. टीडब्ल्यूआरपी नावाच्या रिकव्हरीत ‘फॉरमॅट डेटा’ निवडलं की नुसतं बटण दाबून भागत नाही. फोन आधी बजावतो की सगळं जाईल, परत मिळणार नाही. मग ‘येस’ असं हाताने टाइप करायला लावतो. माणसाने क्षणभर थांबावं म्हणून ती सोय आहे. मी ते इतक्या वेळा केलं होतं की माझी बोटं थांबतच नसत.

फोन होता रेडमी नोट ४. आमच्या जगात त्याचं नाव ‘मिडो’. मूळ तो माझाच. २०१७ साली मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. तेव्हा हा फोन ऑनलाइन सेलमध्ये मिनिटाभरात संपायचा. तीन जीबी रॅमवाला दहा हजार नऊशे नव्याण्णवला होता. आण्णांनी पैसे पाठवले आणि तिसऱ्या सेलला मला तो मिळाला. स्नॅपड्रॅगन ६२५, ४१०० एमएएचची बॅटरी, आणि डोक्यावर टीव्हीच्या रिमोटसारखा इन्फ्रारेडचा काळा ठिपका. हॉस्टेलच्या मेसमधला टीव्ही लांबून बंद करायला त्याचा फार उपयोग झाला.

खरी गोष्ट पुढच्या वर्षी सुरू झाली. रूमवरच्या एकाने सांगितलं, या फोनचं बूटलोडर उघडता येतं. बूटलोडर म्हणजे फोन सुरू होताना सगळ्यात आधी जागा होणारा छोटा प्रोग्राम. कोणत्या सिस्टिमला आत घ्यायचं ते तो ठरवतो. त्याला कुलूप असतं. कंपनीकडे रीतसर परवानगी मागायची, ठरलेले तास वाट बघायची, मग फोन लॅपटॉपला जोडून ते कुलूप काढायचं. आवाज कमी करायचं बटण आणि पॉवर एकदम दाबलं की स्क्रीनवर कानटोपी घातलेला ससा यायचा, हिरव्या रोबोला पाना घेऊन दुरुस्त करत बसलेला. त्या सशाकडे बघत मी कितीतरी रात्री काढल्या आहेत.

मी सांगोल्याकडचा. बारावीपर्यंत मराठी माध्यम. पुण्याच्या कॉलेजात व्हायव्हाला उभा राहिलो की उत्तर येत असूनही तोंडातून इंग्रजी बाहेर पडायचं नाही. पण फोन बूटलूपमध्ये अडकला, म्हणजे सुरू होतोय, लोगो येतोय, पुन्हा बंद होतोय असं झालं की लॅपटॉपवर धडाधड पडणाऱ्या लॉगच्या ओळींतून नेमकी चुकीची ओळ मला सापडायची. तिथे उच्चार कुणी विचारत नव्हतं. लिनेजओएस, मॅजिस्क, वेगवेगळे कर्नल, दुसऱ्याच फोनचा कॅमेरा या फोनवर चालवायचे उद्योग, सगळं केलं. अँड्रॉईडच्या मुळाशी लिनक्स आहे आणि लिनक्सच्या जीपीएल परवान्यामुळे फोन विकणाऱ्याला कर्नलचा सोर्स कोड खुला करावा लागतो, हे मी पुस्तकात वाचायच्या आधी मिडोवर शिकलो. जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यातली, एकमेकांचं तोंडही न पाहिलेली पोरं फुकट खपून एका स्वस्त फोनचं आयुष्य वाढवत होती. आपल्या हातातल्या वस्तूवर आपला हुकूम चालतो, ही भावना मला पहिल्यांदा तिथे मिळाली. पुढे नोकरीच्या मुलाखतीत मी सगळ्यात जास्त बोललो ते याच फोनबद्दल.

२०१९ला नोकरी लागली, नवा फोन घेतला. मिडोवर मूळची कंपनीची सिस्टिम परत टाकली आणि तो आण्णांना दिला.

आण्णांचं सांगोल्याच्या बाहेर रस्त्याला लागून मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. आमच्याकडे डाळिंबाच्या बागा. विहिरी आणि बोअर यांच्यावर सगळा खेळ. रात्रीची लाइट येते, व्होल्टेज कमी असतं, मध्येच एक फेज जाते आणि दोनच फेजवर चालत राहिलेली मोटार जळते. सकाळी ती छोट्या टेम्पोत घालून आण्णांच्या दारात येते. जळालेल्या व्हार्निशचा वास ज्याने लहानपणी घेतलाय तो आयुष्यात विसरत नाही.

रिवाइंडिंग म्हणजे काय ते थोडक्यात सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मोटारीच्या स्टेटरला आतून खाचा असतात, त्यांना स्लॉट म्हणतात. त्यात तांब्याच्या तारेच्या कॉइल बसवलेल्या असतात. जळालेली तार काढायची आणि नवी भरायची. नवी कितीची भरायची, हे जुनीच सांगते. किती स्लॉट, एका कॉइलला किती फेरे, तार कितव्या गेजची, कॉइलची एक बाजू पहिल्या स्लॉटात तर दुसरी कितव्या. फेरे कमी भरले तर मोटार जास्त करंट ओढते आणि तापते. जास्त भरले तर जोर कमी पडतो. म्हणून दुकानात नवा पोऱ्या आला की आण्णांचा पहिला धडा ठरलेला: “जुनं उपटायच्या आधी फेरे मोजायचं. एकदा उपटलं की मोटारीला इचारून सांगत न्हाई ती.”

हे वाक्य मी हजारदा ऐकलं असेल. लहान असताना सुट्टीत फेरे मोजून वहीत लिहायचं काम माझंच होतं.

आण्णांनी मिडोला पाच वर्षांत स्वतःच्या पद्धतीने बदलून टाकलं होतं. सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून कव्हर केलं होतं. दुकानातल्या लोखंडी बाकावरून फोन कितीदा पडला असेल, पण काच शाबूत. चार्जरची वायर टोकाशी तुटायला लागली तर कॉइलच्या जोडावर चढवतात ती स्लीव्ह त्यांनी तिथे चढवली होती. बाजारातल्या कुठल्याही केबलपेक्षा ती मजबूत निघाली. तारेने आणि व्हार्निशने बोटांच्या रेषा झिजल्यामुळे फिंगरप्रिंट त्यांना ओळखायचंच नाही, म्हणून पॅटर्न. होमस्क्रीनवर फक्त चार ॲप, त्यातही ओळखीची जागा ठरलेली. खाली डावीकडे फोन, उजवीकडे रेकॉर्डर.

रेकॉर्डर कशाला, हा प्रश्न मला पाच वर्षांत पडला नाही.

त्या दिवाळीत घरी पोचलो तेव्हा आण्णांची एकच तक्रार होती. पंपाचे सुटे भाग जिथून मागवायचे ती वेबसाइट उघडेना. ‘तुमचं कनेक्शन खासगी नाही’ असा लाल इशारा येत होता. मला कारण लगेच कळलं आणि खरं सांगायचं तर ते कळल्याचा आनंदच झाला. या फोनला कंपनीकडून मिळालेली शेवटची सिस्टिम अँड्रॉईड ७.०वरची. जगातल्या असंख्य वेबसाइट ‘लेट्स एन्क्रिप्ट’ची मोफत प्रमाणपत्रं वापरतात. त्यांचं मूळ प्रमाणपत्र अँड्रॉईड ७.१.१पासून पुढच्या फोनमध्येच आहे. त्याआधीच्या फोनसाठी केलेली जोडव्यवस्था ३० सप्टेंबर २०२४ला संपली. म्हणजे आण्णांचा फोन एका पॉइंटने मागे राहिला होता आणि त्यामुळे ऑक्टोबरपासून निम्मं इंटरनेट त्याला परकं वाटायला लागलं होतं.

उपाय पाच मिनिटांचा होता. फायरफॉक्स ब्राउझर प्रमाणपत्रांची यादी स्वतःजवळ बाळगतो. तो टाकून दिला असता तर वेबसाइट उघडली असती आणि मी फराळाला बसलो असतो. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण पाच वर्षांनी मिडो माझ्या हातात होता, बूटलोडरचं कुलूप कॉलेजातच उघडलेलं होतं, आणि ऑफिसात वर्षभर कुणाच्या तरी पेमेंट स्क्रीनवरच्या बटणाची जागा इकडून तिकडे करून मी कंटाळलो होतो.

“आण्णा, फोन एकदम नवा करून देतो.”

“कशाला? चालतोय की.”

“हळू झालाय. बॅटरी पण बदलतो.”

“बघ बाबा,” आण्णा म्हणाले आणि झोपायला गेले. याला मी परवानगी समजलो.

बॅटरी मी पुण्याहूनच आणली होती. मागचा पत्रा जपून उचलला. त्याला चिकटलेली फिंगरप्रिंटची पातळ पट्टी तुटू दिली नाही. ट्यूबचं कव्हर बाजूला टाकलं, त्याच्यासाठीही नवं पारदर्शक कव्हर आणलं होतं. बॅकअप घेतला. फोटो घेतले. व्हॉट्सॲप घेतलं. कॉन्टॅक्ट घेतले. डाउनलोडचं फोल्डर घेतलं. त्याखाली ‘एमआययूआय’ नावाचं एक फोल्डर होतं. ते कंपनीच्या सिस्टिमचं, म्हणजे नव्या सिस्टिममध्ये त्याचा उपयोग शून्य. थीम, वॉलपेपर, असला कचरा असेल. ते सोडलं. मग फॉरमॅट. येस. लिनेजओएस १८.१, म्हणजे अँड्रॉईड ११. रात्री दीड वाजता फोन नव्यासारखा झुळझुळीत चालत होता आणि मी वीस वर्षांचा झालो होतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुकानात पूजा. पाटावर नवी वही, तिच्यावर हळदकुंकवाचं स्वस्तिक, शेजारी पक्कड आणि टाँग टेस्टर. आण्णांनी खिशातून फोन काढला आणि वहीवर ठेवला. त्यालाही कुंकवाचं बोट लावलं.

मी हसलो. “फोनची पूजा कशाला?”

“आरं, सगळ्या मोटारी ह्यातच हैत की,” आण्णा म्हणाले.

मला समजायला तीन-चार सेकंद लागले असतील. आई आरतीला सुरुवात करत होती.

झालं होतं ते असं. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये दुकानातला पोऱ्या गावी गेला तो परत आला नाही. लिहायला कुणी उरलं नाही. आण्णांचे हात व्हार्निशने आणि काजळीने माखलेले, वही धरली की पान काळं. मग त्यांनी एका कोपराने रेकॉर्डर सुरू करून बोलायला सुरुवात केली. ‘पाच एचपी, छत्तीस स्लॉट, अडतीस फेरे, एकवीस गेज, एक ते आठ.’ वहीत फक्त तारीख, गाव, मालकाचं नाव. बाकीचं सगळं त्याच तारखेच्या रेकॉर्डिंगमध्ये. साडेचार वर्षांच्या मोटारी, त्यांच्या अंदाजाने सहाशेच्या आसपास. दोन सिम घातल्यावर या फोनमध्ये मेमरी कार्डाला जागा उरत नाही, त्यामुळे सगळं फोनच्या पोटात. रेकॉर्डर त्या फायली ठेवायचा ‘एमआययूआय’ फोल्डरमध्ये, ‘साउंड रेकॉर्डर’ या नावाच्या कप्प्यात.

आरती झाल्यावर मी सांगितलं. आण्णांनी फोन उचलला, चालू केला, उजव्या कोपऱ्यात बोट नेलं. तिथे आता कॅमेरा होता.

“फेरे मोजले होतेस का?” त्यांनी विचारलं.

मी काही बोललो नाही. त्यांनीही नाही. प्रसादाचं ताट घेऊन ते शेजारच्या टायरवाल्याकडे गेले.

त्या रात्री आणि भाऊबीजेपर्यंतच्या सगळ्या रात्री मी फायली परत मिळवायच्या मागे होतो. माझ्याच व्यवसायातलं ज्ञान मला सांगत होतं की ते होणार नाही. फोनमधला डेटा एन्क्रिप्टेड होता. फॉरमॅट करताना फायली एकेक पुसल्या जात नाहीत, त्यांची किल्लीच जाते. मागे राहतात ते नुसते विस्कटलेले आकडे. तरीही मी दोन प्रोग्राम चालवून बघितले. आई रात्री पाणी प्यायला उठली तर मी लॅपटॉपसमोर. “झोप आता,” एवढंच म्हणाली.

पुण्याला परत आल्यावर मला वाटलं की एवढं काही बिघडलेलं नाही. मोटार जळून आली तर तिच्यात जुनी तार असतेच. आण्णा पुन्हा मोजतील, वेळ जास्त जाईल इतकंच. डिसेंबरात आईचा फोन आला. एका शेतकऱ्याने स्टेटर आणला होता, आतून रिकामा. दुसरीकडे कुठेतरी तार उपटून झाली होती आणि पुढचं काम अडलं होतं. तो निर्धास्त होता, कारण आदल्याच वर्षी ती मोटार आण्णांनी भरली होती. “तुमच्याकडं नोंद हाय की,” तो म्हणाला.

आण्णांनी तसल्याच मापाच्या दुसऱ्या मोटारीवरून अंदाज बांधला आणि भरली. दुकानातच टाँग टेस्टर लावला तर करंट जास्त. चालवून बघितली तर तापायला लागली. सगळी तार पुन्हा उपटली. तीन किलोच्या वर तांबं भंगारात. नवी तार आणून पुन्हा भरली, पैसे एकदाचेच घेतले. दोन दिवस त्या माणसाच्या बागेला पाणी नव्हतं. हे आईने सांगितलं. आण्णांनी मला त्याबद्दल एक शब्दही काढला नाही, आणि तेच जास्त लागलं.

मी खूप वर्षं असं समजत होतो की फोनमध्ये बदल करणारा मी आणि फोन आहे तसा वापरणारे आण्णा. माझ्याकडे रूट होतं, त्यांच्याकडे चार आयकॉन. प्रत्यक्षात त्या फोनवर जास्त खोल काम त्यांनी केलं होतं. त्यांनी तो आपल्या हाताला, आपल्या धंद्याला, काळ्या बोटांना बसेल असा करून घेतला होता. एकही ओळ कोड न लिहिता. आणि मी त्याला ‘मूळची सिस्टिम’ समजून पुसून टाकलं.

संक्रांतीला चार दिवसांची रजा काढून गेलो. या वेळी लॅपटॉप पिशवीतच ठेवला. दोन दिवस दुकानात स्टुलावर बसून नुसतं बघत राहिलो. आण्णा स्टेटरवर वाकलेले असताना दोन्ही हात गुंतलेले असतात. फेरे मोजताना मध्ये कुणी बोललं तर ते चिडतात. मोजून झालं की उठून कोपराने फोन उघडायचा प्रयत्न करतात, तीनदा पॅटर्न चुकतो, आणि तेवढ्यात एखादा आकडा निसटतो. हे त्यांच्या जुन्या पद्धतीतही होत होतं.

“आण्णा, पायाने चालू झालं तर?” मी विचारलं.

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “कसं?”

माइकवाल्या इअरफोनच्या वायरवर एक बटण असतं. ते दाबलं की माइकची तार आणि अर्थ यांची क्षणभर गाठ पडते, फोन त्यालाच ‘बटण दाबलं’ असं समजतो. म्हणजे त्या बटणाच्या जागी कुठलाही स्विच चालेल. एवढं सांगितल्यावर मला पुढे बोलावंच लागलं नाही. आण्णांनी जुना इअरफोन घेतला, बटणाची डबी ब्लेडने उघडली, भिंग लावून दोन ठिपक्यांवर दोन तारा डाग दिल्या आणि त्या जुन्या शिलाई मशीनच्या पायट्यात लपवलेल्या पुशबटणाला नेल्या. डागकाम इतकं बारीक की मी ते करू शकलो नसतो. वर स्लीव्ह चढवली. माइक गळ्याजवळ शर्टाच्या बटणाला अडकवला.

माझ्या वाट्याचं काम मी संध्याकाळी केलं. एक छोटं ॲप. पाय दाबला की रेकॉर्डिंग सुरू, पुन्हा दाबला की बंद, दोन्ही वेळा वेगळा आवाज. फोन हातात घ्यायचीच गरज नाही. रात्री चार्जिंगला लावला की दिवसभराच्या फायली पुण्याला माझ्या मशीनवर येतात आणि तिथून आणखी एका जागी. लिहून झाल्यावर मी विचारलं, “उजव्या कोपऱ्यात काय ठेवू?” पाच वर्षांत हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारत होतो.

“तिथं रेकॉर्डर व्हता,” आण्णा म्हणाले. “तिथंच ठेव.”

गेलेल्या सहाशे मोटारी परत आल्या नाहीत. येणारही नाहीत. ज्या पुन्हा जळून येतात त्यांची नोंद नव्याने होते. फोन अजून चालतो. नवी बॅटरी दिवसभर पुरते. एका बँकेचं ॲप बूटलोडर उघडा दिसतो म्हणून चालायला तयार नाही, तेवढ्यासाठी आण्णा आईचा फोन वापरतात आणि मला दरवेळी त्याची आठवण करून देतात.

रात्री ऑफिसातून आल्यावर मी फायली नीट आल्या का ते बघतो. बघायला पाच सेकंद लागतात, पण मी एखादी लावून ऐकतो. मागे हातोडी, रस्त्यावरचा ट्रॅक्टर, कुणीतरी चहा सांगतंय. मग आण्णांचा आवाज, फेरे मोजून झाल्यावरचा, ठाम. परवाची एक फाइल नेहमीपेक्षा लांब होती. गाव, नाव, साडेसात एचपी, स्लॉट, फेरे, गेज, सगळं सांगून झालं. मग थोडी शांतता, आणि नंतर: “आन् तू आनलेलं कव्हर तडकलं. मी आपलं ट्यूबचं घातलंय परत. ते काढू नगं आता.”

त्यानंतर पायटा दाबल्याचा आवाज.